शून्य, दहा, शून्य आणि मग शेहेचाळीस : कोच बदलला की कॉलेज फुटबॉलचा ऑफेन्स कसा पालटतो

अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघाने, म्हणजे एलएसयूने, अलाबामा विद्यापीठाविरुद्ध २०१६ साली ० गुण केले. २०१७ साली १०. २०१८ साली पुन्हा ०, तेही स्वतःच्या मैदानावर, २९-० अशी हार. आणि २०१९ साली त्याच अलाबामाच्या घरी जाऊन ४६ गुण ठोकले, ४६-४१ असा सामना जिंकला.

२०१८ आणि २०१९ या दोन सामन्यांत एलएसयूचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, तोच होता, जो बरो. हेड कोच तोच, एड ओर्जरॉन. ऑफेन्सचा मुख्य सूत्रधार, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, तोही तोच, स्टीव्ह एन्समिंगर. आघाडीचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, तेही आदल्या वर्षीचेच. जानेवारी २०१९ मध्ये एक नवा माणूस मात्र आला होता : जो ब्रेडी, वय वर्षं २९, न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघात शॉन पेटनच्या हाताखाली काम करणारा एक कनिष्ठ सहाय्यक. एलएसयूने त्याला पासिंग गेम कोऑर्डिनेटर केलं. त्या वर्षी संघाने १५ पैकी १५ सामने जिंकले, ७२६ गुण केले आणि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं.

एक सहाय्यक बदलून एवढा फरक कसा पडतो, ते आता पाहू. पण आधी खेळ.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नाही. लांबट चेंडू हातात धरून पळायचं किंवा हाताने फेकायचं. दोन्हीकडे ११-११ जण. चेंडू ज्यांच्याकडे तो ऑफेन्स, अडवणारा डिफेन्स, आणि एकाच संघाच्या ऑफेन्सचे आणि डिफेन्सचे खेळाडू वेगवेगळे. ऑफेन्सला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये १० यार्ड पुढे सरकलं की नवे चार डाऊन. ‘थर्ड अँड सेव्हन’ म्हणजे तिसरा प्रयत्न, अजून सात यार्ड बाकी. चौथ्या डाऊनला बहुतेक संघ चेंडू लाथ मारून लांब घालवतात, नाहीतर समोरच्याला तो जवळच मिळेल. त्यामुळे हाताशी खरे प्रयत्न तीनच.

क्रिकेटच्या सवयीने बघणाऱ्याला इथे एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू पडायला लागले की कोच ड्रेसिंग रूममध्ये बसून असतो. मैदानावर कर्णधाराचं चालतं. इथे प्रत्येक डाऊनला काय करायचं हे कोच सांगतो, आणि एका सामन्यात एका ऑफेन्सला असे साधारण ६५-७५ प्रयत्न मिळतात. प्रत्येक चेंडूआधी कोणीतरी येऊन फलंदाजाला ‘आता कव्हर ड्राइव्ह’ असं सांगावं, तसला हा कारभार. शिवाय अकराही जणांना आपापलं काम आधीच नेमून दिलेलं असतं. म्हणून इथे कोच बदलला की खेळच बदलतो. क्रिकेटमध्ये तेवढं होत नाही.

पाच जणांचा हिशोब

ऑफेन्सच्या अकरापैकी पाच जण लाइनमन : मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. हे धिप्पाड गडी फक्त अडवणार. पास झेलण्याचा हक्क त्यांना नाही. सहावा क्वार्टरबॅक, तो फेकणार. उरले पाच. हे पाच जण पळत जाऊन पास झेलू शकतात किंवा मागे राहून क्वार्टरबॅकला राखू शकतात. दोन्ही एकदम करता येत नाही.

ऑफेन्सचं अर्धंअधिक शहाणपण या पाच जणांच्या वाटपात आहे. किती जण बाहेर पाठवायचे आणि किती राखणीला ठेवायचे?

जुन्या वळणाचा कोच ताकही फुंकून पितो. रनिंग बॅकला (चेंडू घेऊन पळणाऱ्याला) मागे ठेवतो, टाइट एंडलाही (लाइनच्या टोकाला उभं राहून अडवणाऱ्या आणि झेलणाऱ्या गड्याला) ठेवतो. सात जण राखणीला, तीन बाहेर. क्वार्टरबॅकला वेळ मिळतो, पण तीन रिसीव्हरना अडवायला समोर सहा-सात जण मोकळे असतात. वेळ आहे, पण फेकायचं कुणाला? क्वार्टरबॅक चेंडू धरून बसतो, आणि सात राखणदार असूनही शेवटी चीत होतो. बघणाऱ्याला वाटतं लाइनच कच्ची आहे. पुष्कळदा लाइनचा दोष नसतो, गणिताचा असतो.

ब्रेडीने सेंट्सकडून आणलेला विचार याच्या उलट होता : शक्य तिथे पाचही जण बाहेर पाठवा. राखणीला फक्त पाच लाइनमन. मैदानाच्या ५३ यार्डांच्या रुंदीवर पाच झेलणारे पसरले की डिफेन्सला प्रत्येकावर माणूस ठेवावाच लागतो, आणि क्वार्टरबॅकवर चाल करून जायला माणसं कमी पडतात.

धोका उघड आहे. डिफेन्सने सहा जण अंगावर पाठवले तर अडवायला पाच. सहावा मोकळा. तो साधारण अडीच सेकंदांत क्वार्टरबॅकपर्यंत पोचतो, कधी त्याहून लवकर. म्हणून या पद्धतीत दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. पहिली, चेंडू हातात येण्याआधीच क्वार्टरबॅकने समोर बघून सांगायचं की कोण अंगावर येणार आणि लाइनने कुठल्या बाजूला सरकायचं. दुसरी, मोकळा सुटलेला सहावा जिथून निघाला ती जागा आता रिकामी आहे, चेंडू लगेच तिथेच टाकायचा. याला ‘हॉट’ फेकणं म्हणतात. रिसीव्हरलाही तेच दिसलं पाहिजे. त्याची नेमून दिलेली वाट १२ यार्डांची असेल, पण समोरचा लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधल्या फळीतला गडी) अंगावर धावला तर ती पाच यार्डांवर मोडून त्याने आत वळायचं.

फसतं ते इथेच. क्वार्टरबॅकला सहावा माणूस दिसला, रिसीव्हरला नाही. चेंडू पाच यार्डांवर पडतो आणि रिसीव्हर बारावर पोचलेला असतो. कधी मधल्या डिफेंडरच्या थेट हातात जातो. नव्या कोचच्या पहिल्या वर्षी अशा चुका ढिगाने दिसतात. लोक शिव्या क्वार्टरबॅकला घालतात. चूक दोघांच्या मध्ये कुठेतरी असते.

बरोच्या बाबतीत हा जुगार जमला, कारण त्याचं डोकं चेंडूआधी चालायचं. ओहायो स्टेटमधून तो २०१८ साली एलएसयूला आला होता. त्या पहिल्या वर्षी त्याचे ५७.८ टक्के पास जागेवर पडले, १६ टचडाऊन पास (टचडाऊन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं). दुसऱ्या वर्षी ७६.३ टक्के, ५,६७१ यार्ड, ६० टचडाऊन पास, आणि समोरच्यांच्या हाती गेलेले फक्त ६. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्या वर्षी त्यालाच मिळाली. एका वर्षात हात बदलत नाही. प्रत्येक डाऊनला त्याच्यापुढे ठेवलेले पर्याय बदलले होते.

जागाही बदलल्या. जस्टिन जेफरसन २०१८ साली मुख्यतः कडेला, साइडलाइनजवळ उभा राहायचा. २०१९ मध्ये त्याला बहुतांश वेळ आत, लाइनच्या टोकाजवळच्या ‘स्लॉट’मध्ये आणलं. कडेला समोर डिफेन्सचा सगळ्यात चपळ गडी, म्हणजे कॉर्नरबॅक, असतो, शिवाय साइडलाइन ही आयती भिंत. आत उभं राहिलं की दोन्ही बाजूंना वळता येतं, आणि समोर अनेकदा सेफ्टी (डिफेन्सचा सगळ्यात मागचा गडी) किंवा लाइनबॅकर येतो, ज्यांना अशा माणसाच्या मागे धावायची सवय नसते. जेफरसनने त्या हंगामात १११ पास झेलले. कडेला जमार चेस होता, त्याने ८४ झेलून १,७८० यार्ड काढले. दोघांपैकी कुणाला दुहेरी पहारा लावायचा, हा प्रश्न समोरच्या कोचला आठवडाभर छळायचा.

पाचवा माणूस रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर. उंची जेमतेम पाच फूट आठ इंच. जुन्या पद्धतीत अशाला राखणीला ठेवणं म्हणजे त्याची ताकद वाया घालवणं. सव्वाशे किलोच्या माणसाला तो कितीसा थोपवणार? त्याला बाहेर सोडलं तर त्याच्यामागे लाइनबॅकरला धावावं लागतं, आणि मोकळ्या मैदानात ती शर्यत लाइनबॅकर हरतो. अलाबामाविरुद्धच्या त्या सामन्यात त्याने चेंडू घेऊन पळत १०३ यार्ड काढले आणि वर ९ पास झेलले.

इथे कोचांची एक परिभाषा सांगून ठेवतो, पुढे बघताना उपयोगी पडेल. मैदानात कोण आहेत हे ते दोन आकड्यांत सांगतात : पहिला आकडा रनिंग बॅक किती, दुसरा टाइट एंड किती. ‘११’ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, म्हणजे पाचातले उरलेले तीन वाइड रिसीव्हर. ‘२१’ म्हणजे दोन बॅक, एक टाइट एंड, दोनच रिसीव्हर. पिढ्यान्‌पिढ्या ‘२१’च्या जवळपास रमलेला एलएसयू २०१९ मध्ये ‘११’वर आला. त्यातला टाइट एंड थॅडियस मॉस (प्रसिद्ध रिसीव्हर रँडी मॉसचा मुलगा) स्वतः पास झेलण्यात पक्का, त्यामुळे कागदावर ‘११’ आणि मैदानात चार-चार झेलणारे.

एकाच माणसाला कोड्यात टाकणं

कोच बदलला की हल्ली हमखास येणारी दुसरी गोष्ट म्हणजे आरपीओ, रन-पास ऑप्शन. ब्रेडी सेंट्सकडे जाण्याआधी पेन स्टेटमध्ये पदवीधर सहाय्यक होता, तिथला ऑफेन्स यावरच चालायचा. नाव मोठं असलं तरी आतली युक्ती सोपी आहे.

समजा मधला एक लाइनबॅकर निवडला. ऑफेन्समधल्या कुणीही त्याला अडवायचं नाही, मुद्दाम सोडून द्यायचं. पाचही लाइनमन पळण्याच्या चालीसारखेच पुढे ढकलत निघतात. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो, पण सोडत नाही. नजर त्या लाइनबॅकरवर. त्याच वेळी स्लॉटमधला रिसीव्हर तीन-चार पावलं टाकून तिरका आत, त्या लाइनबॅकरच्या बरोबर मागे येतो.

लाइनबॅकर पुढे धावला की त्याच्यामागची जागा उघडली. चेंडू बॅककडून काढून घ्यायचा आणि तिथे फेकायचा. तो जागीच थांबला किंवा मागे सरकला तर पुढची फळी मोकळी, चेंडू बॅकला देऊन टाकायचा. त्याने काहीही केलं तरी तो चुकतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत.

कॉलेजमध्ये ही युक्ती व्यावसायिक फुटबॉलपेक्षा जास्त चालते, त्यामागे एक बारीक नियम आहे. पास फेकताना लाइनमन पुढे किती गेलेले चालतात? व्यावसायिक एनएफएलमध्ये एक यार्ड, कॉलेजमध्ये तीन. आरपीओत लाइनमनना माहीतच नसतं की पळायचं ठरलंय की फेकायचं. ते पळण्याच्या बेताने पुढे घुसतात. एका यार्डात हे बसवणं अवघड, तीन यार्डांत जमतं. तेही क्वार्टरबॅकने वेळेत फेकलं तर. त्याने अर्धा सेकंद उशीर केला की गार्ड चार यार्ड पुढे गेलेला असतो, पंचाचा पिवळा फडका पडतो आणि पाच यार्डांचा दंड. नव्या संघात हा दंड वारंवार दिसला तर लाइनमनकडे बघू नका, क्वार्टरबॅकच्या निर्णयाचा वेग बघा.

डिफेन्सलाही उत्तर ठाऊक असतं. लाइनबॅकरला पुढे धावायला सांगायचं आणि त्याच क्षणी सेफ्टीला मागून त्या रिकाम्या जागेत उतरवायचं. क्वार्टरबॅकला जागा रिकामी ‘दिसते’, तो फेकतो, चेंडू सेफ्टीच्या हातात. म्हणून चांगला कोच सामन्यात तिसऱ्या-चौथ्या वेळी वाचायचा माणूसच बदलतो. वाईट कोच तीच चाल अठ्ठाविसाव्यांदा चालवतो.

शिकवायला वेळ किती?

इथे नव्या कोचची खरी परीक्षा. कॉलेजचे खेळाडू विद्यार्थी आहेत, आणि राष्ट्रीय संघटना एनसीएएच्या नियमानुसार हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास खेळाच्या कामाला देता येतात. त्यात व्हिडिओ बघण्याच्या बैठका आल्या, वजनं उचलणं आलं, आणि सामना तीन तासांचा धरला जातो. उरले १७. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगामाआधी वसंतात १५ सराव, आणि ऑगस्टमध्ये तयारीचे काही आठवडे. व्यावसायिक संघातून आलेला कोच इथेच ठेचकाळतो : तिथे माणसं दिवसभर हेच करतात, जाडजूड प्लेबुक पचवतात. तेच पुस्तक १९ वर्षांच्या, सकाळी वर्गात बसून आलेल्या पोरांसमोर टाकलं की त्यांच्या पायांचा वेग जातो. डोक्यात विचार चालू असलेला रिसीव्हर नेहमी अर्धं पाऊल मागे असतो.

म्हणून चांगल्या बदलात चाली वाढत नाहीत, बऱ्याचदा कमी होतात. तीच चाल चार वेगवेगळ्या रचनांतून. जेफरसनला डावीकडे उभं करा, उजवीकडे करा, बॅकला कडेला पाठवा. समोरच्याला चित्र दर वेळी नवं, आपल्या पोरांना काम जुनंच. कोच माइक लीच हा या विचाराचा टोकाचा माणूस होता. मोजक्याच चाली, पण रोज, शेकडो वेळा. त्याच्या ‘मेश’ चालीत दोन रिसीव्हर दोन बाजूंनी पळत येऊन मैदानाच्या मध्यात एकमेकांना घासून जातात, इतके जवळून की दोघांच्या मधून डिफेंडर जाऊ नये. तेवढं अंतर साधायला पुस्तक लागत नाही, घोटून घ्यावं लागतं.

निरोप पोचवण्याचाही वेळ धरा. एक डाऊन संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद. हेल्मेटमधून कोचचा आवाज ऐकण्याची सोय वरच्या पातळीच्या कॉलेज फुटबॉलला २०२४ साली मिळाली. त्याआधी साइडलाइनवरून हातवारे, चित्रांचे फलक, आणि समोरच्याला फसवायला दोन-तीन जणांचे खोटे हातवारे. नव्या कोचची भाषा नवी, खुणा नव्या. सप्टेंबरात नव्या कोचचे संघ वारंवार टाइमआऊट का घेतात, त्याचं कारण एवढंच : अकरांपैकी एकाने खूण चुकीची वाचलेली असते.

वरच्या माणसाचं मन

एड ओर्जरॉन मूळचा डिफेन्सिव्ह लाइनचा कोच. अशा हेड कोचची सहज प्रवृत्ती असते : आघाडी मिळाली की पळत राहा, घड्याळ चालू ठेवा, चेंडू लाथ मारून घालवा, बाकी डिफेन्स बघून घेईल. ओर्जरॉनने ऑफेन्स बदलायचा प्रयत्न २०१७ मध्येही केला होता, मॅट कॅनडा नावाच्या कोऑर्डिनेटरला आणून. एका हंगामात दोघांचं फाटलं. त्यामुळे २०१९ मध्ये नवं काय होतं असं विचाराल तर ब्रेडीच्या वहीइतकंच मी ओर्जरॉनच्या मोकळ्या हाताला महत्त्व देईन.

पुरावा ७ सप्टेंबर २०१९चा, टेक्ससमध्ये, ऑस्टिनला. एलएसयू ३७-३१ ने पुढे, शेवटची अडीच-तीन मिनिटं. थर्ड अँड सेव्हन्टीन, स्वतःच्याच अर्ध्यात. आदल्या वर्षीचा एलएसयू इथे निमूट पळून दोन-चार यार्ड काढता, घड्याळ चालवता आणि चेंडू टेक्ससला देऊन टाकता. १७ यार्ड कोण मागतं? इथे पासची चाल आली. टेक्ससचे गडी अंगावर धावले, बरोने मागे न पळता दोन पावलं पुढे टाकून त्यांना चुकवलं आणि आडव्या पळणाऱ्या जेफरसनला गाठलं. ६१ यार्ड, टचडाऊन. सामना ४५-३८ असा संपला. म्हणजे टेक्ससने पुढे आणखी एक टचडाऊन केलाच. चेंडू परत दिला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

चाल ब्रेडीची होती की एन्समिंगरची, यावर लोक वाद घालतात. डाऊनमागून डाऊन चाली सांगायचं काम एन्समिंगरचं, पासिंगची रचना ब्रेडीची. साठीतला एक मुरलेला माणूस आपल्या अर्ध्या वयाच्या पोराची वही उघडून बसला, ही गोष्ट कुठल्याही संघात सोपी नसते. बहुतेक ठिकाणी बदल फसतो तो कोचांच्या खोलीत, मैदानावर नंतर फक्त दिसतो.

मग श्रेय कोणाचं?

पुढचं वर्ष बघा. ब्रेडी एनएफएलच्या कॅरोलायना पँथर्सकडे गेला. बरो, जेफरसन, एडवर्ड्स-हेलेअर एनएफएलमध्ये गेले, चेसने २०२०चा हंगाम खेळलाच नाही. वही तीच, चालींची नावं तीच, एन्समिंगर तोच. एलएसयू ५-५, म्हणजे पाच विजय, पाच पराभव. तिकडे पँथर्सने डिसेंबर २०२१ मध्ये, हंगाम चालू असतानाच, ब्रेडीला काढून टाकलं. पुढे तो बफेलो बिल्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला आणि २०२४ च्या हंगामात त्याच्या हाताखाली क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. माणूस एकच, क्वार्टरबॅक वेगळे. शिवाय २०१९च्या एलएसयूची लाइन विसरून चालणार नाही. देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला मिळणारा जो मूर पुरस्कार त्या वर्षी तिलाच मिळाला. पाच जणांवर राखण सोडायची तर ते पाच तसे हवेत.

पदरी असलेली माणसं न बघता पद्धत लादली तर काय होतं, याचं ठळक उदाहरण मिशिगन, २००८. रिच रॉड्रिगेझ आला तो पळणाऱ्या क्वार्टरबॅकची पद्धत घेऊन. मिशिगनकडे होता रायन मॅलेट, साडेसहा फुटी, तोफेसारखा हात, पाय मात्र जड. तो आर्कान्सोला निघून गेला. मिशिगन ३-९, १९६७ नंतरचा पहिला पराभूत हंगाम. २०१० पर्यंत त्याला हवा तसा माणूस मिळाला, डेनार्ड रॉबिन्सन, ज्याने क्वार्टरबॅक असून त्या हंगामात पळत १,७०२ यार्ड काढले. ऑफेन्स झकास झाला, पण डिफेन्स तोवर पार ढासळला होता आणि रॉड्रिगेझची नोकरी गेली. नेब्रास्काने २००४ मध्ये उलटी चूक केली : पिढ्यान्‌पिढ्या पळण्यावर पोसलेल्या संघाला बिल कॅलहनने एनएफएलचा पासिंगचा ऑफेन्स दिला. ५-६, १९६१ नंतर पहिल्यांदाच जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त.

पहिल्याच वर्षी जमलेलं उदाहरण टेनेसीचं. २०२० मध्ये सामन्यामागे २१.५ गुण. जॉश हायपल आला आणि २०२१ मध्ये ३९.३, २०२२ मध्ये ४६.१. त्याची किल्ली वेगळी होती : वेग आणि रुंदी. रिसीव्हर जवळजवळ साइडलाइनला चिकटून उभे. कॉलेजच्या मैदानावर चेंडू ठेवायच्या आतल्या दोन खुणांमध्ये ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. चेंडू एका खुणेवर असला की कॉलेजमध्ये एका बाजूला ६० फूट आणि दुसरीकडे तब्बल १०० फूट मैदान पसरलेलं. त्या १०० फुटांच्या टोकाला एक पळणारा उभा केला की त्याच्या मदतीला सेफ्टी वेळेत पोचत नाही. वर वेग : डाऊन संपताच धावत येऊन पुन्हा रांगेत. ऑफेन्सने माणूस बदलला तर डिफेन्सलाही बदलायला वेळ द्यावा लागतो, हा नियम आहे. म्हणून टेनेसी माणसं बदलतच नाही आणि समोरचे दमलेले गडी मैदानावर अडकून पडतात. याची किंमतही आहे. तीन पास खाली पडले तर पाऊण मिनिटात चेंडू गेला, आणि धापा टाकणारा आपलाच डिफेन्स पुन्हा मैदानात.

बघताना काय मोजायचं

मुलगा किंवा भाची अमेरिकेत शिकायला गेली की शनिवारचे हे सामने आपल्याही घरात शिरतात, आणि ‘आमचा नवा कोच आलाय’ हे ऐकू येतं. गुणफलकाआधी पुढच्या गोष्टी बघा.

चेंडू सुरू होण्याआधी पाचांमध्ये बॅक किती, टाइट एंड किती. मग पाचांपैकी किती जण बाहेर पळाले. दहा पास मोजले तरी कोचचा स्वभाव कळतो. ४० सेकंदांच्या घड्याळावर किती उरले असताना चेंडू सुरू होतो ते बघा. सारखं दोन-तीन दिसत असेल तर खुणा पोचायला उशीर होतोय. थर्ड डाऊनला पास नव्या डाऊनसाठी लागणाऱ्या रेषेच्या पुढे जातोय की दोन यार्ड अलीकडे, तेही बघा. पहिल्या दहा-पंधरा चालींवरून मात्र मत बनवू नका. त्या बहुतेक कोच आठवडाभर आधी लिहून, घोटून आणतात. कोचचं कसब दुसऱ्या अर्ध्यात दिसतं, समोरच्याने उत्तर शोधल्यावर.

आणि पहिल्या सामन्यावर तर मुळीच भाळू नका. २०२०च्या सप्टेंबरात माइक लीच मिसिसिपी स्टेटचा कोच म्हणून पहिल्यांदा उतरला, समोर गतविजेता एलएसयू. त्याच्या क्वार्टरबॅकने ६२३ यार्ड फेकले, त्यांच्या कॉन्फरन्समधला, म्हणजे विद्यापीठांच्या गटातला, विक्रम, आणि मिसिसिपी स्टेट ४४-३४ जिंकलं. एलएसयू त्या दिवशी माणसामागे माणूस लावून खेळलं होतं. पुढच्या आठवड्यात आर्कान्सोने तो सामना बघून साधा उपाय केला : क्वार्टरबॅकवर तिघेच पाठवायचे, आठ जण मागे पसरवून ठेवायचे, झेलणाऱ्यांना सगळीकडे गर्दी. मिसिसिपी स्टेटचे १४ गुण. त्यानंतरच्या आठवड्यात केंटकीने त्यांचे सहा पास हिसकावले. मिसिसिपी स्टेटच्या नावावर त्या दिवशी २ गुण लागले, तेही ऑफेन्सने केलेले नव्हते.